महासर्पाचं पित्त काढा म्हणजे नेमकं काय करा? ग्रीक किमयापद्यं आणि त्यातली गायब मापं

अर्धवटवाचक (धागाकर्ता)

ग्रीक किमयागारांच्या हस्तलिखितांत चार लांब पद्यं आहेत. कवींची नावं हेलिओडोरोस, थिओफ्रास्टोस, हिएरोथेओस आणि आर्खेलाओस. प्रत्येकी सव्वादोनशे ते सव्वातीनशे ओळी, सगळ्या आयांबिक वृत्तात. त्यातल्या थिओफ्रास्टोसच्या पद्यात एक उतारा आहे, त्याचा आशय थोडक्यात असा:

एक ड्रॅगन निपजतो. घोड्याच्या लिदीत वीस दिवस ठेवला की तो स्वतःची शेपटी खातो, काहीच उरत नाही तोवर. त्याला ऊरोबोरोस म्हणतात. रंगाने पांढरा, अंगावर ठिपके. नर-मादीच्या मीलनातून समुद्रात जन्मलेला. त्याला पकडा, समुद्रातच मारा, उष्ण आणि ओल्या अशा दुधारी सुरीने चिरा, पित्त बाहेर काढा. मग दाट वाफेचे ढग उठतात आणि त्याला वर उचलून नेतात. तो जळणार नाही याची काळजी घ्या. काळा मळ धुऊन टाका. शेवटी सगळं लख्ख पांढरं होतं आणि चांदी मिळते.

प्रश्न असे. ही कृती आहे का? असेल तर पदार्थ कोणता, किती, आणि आच केवढी? अख्ख्या उताऱ्यात एकच आकडा सापडतो, वीस दिवस. आणि कृतीच सांगायची तर पद्यात कशाला?

हस्तलिखितकिडा

आधी नावांचा गुंता. हा थिओफ्रास्टोस म्हणजे अ‍ॅरिस्टॉटलचा शिष्य नव्हे. तो ख्रिस्तपूर्व चौथ्या-तिसऱ्या शतकातला, आणि दगड-खनिजांवरच्या त्याच्या छोट्या ग्रंथात हिंगूळ (पाऱ्याचं तांबडं खनिज) तांब्याच्या खलात, तांब्याच्याच बत्त्याने, व्हिनेगरबरोबर घोटून पारा काढायची खरीखुरी रीत आहे. पद्यकार त्याच्या कितीतरी शतकं नंतरचा. किमयाग्रंथांत जुन्या थोरांची नावं उसनी घेणं नेहमीचंच, तिथे हर्मीस, डेमोक्रिटोस आणि क्लिओपात्रासुद्धा लेखक म्हणून हजर असतात.

काळ. हेलिओडोरोसचं पद्य शीर्षकानुसार सम्राट थिओडोसिओसला उद्देशून आहे. या नावाचे तीन सम्राट झाले: पहिला 379 ते 395, दुसरा पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात, तिसरा 715 ते 717. पहिला किंवा दुसरा धरला तर पद्य उत्तर-प्राचीन काळातलं, तिसरा धरला तर बायझंटाइन. 1923 साली गोल्डश्मिट यांनी चारही पद्यं एकत्र संपादित केली. भाषा इतकी सारखी आहे की चारही एकाच माणसाची, म्हणजे हेलिओडोरोसची, असं त्यांचं मत होतं. एक कवी की एका गुरुकुलातले चार, हा वाद राहू दे. पण ‘चौथ्या शतकातली चार पद्यं’ असं बिनधास्त लिहू नका. चौथ्या शतकाच्या तोंडाशी ठामपणे उभा आहे तो पानोपोलिसचा (आजचं इजिप्तमधलं अखमीम) किमयागार झोसिमोस, आणि तो गद्य लिहितो.

हस्तलिखितं: सगळ्यांत जुनं व्हेनिसमधलं मार्कियानुस 299, दहाव्या-अकराव्या शतकातलं, कार्डिनल बेसारिओनच्या संग्रहातून आलेलं. त्याच्या सुरुवातीला अनुक्रमणिका आहे आणि आतला मजकूर तिच्याशी जुळत नाही, कारण काही जुड्या गळल्या आणि काही बांधणीत उलटसुलट लागल्या. धाग्यावर नेहमी डकवला जातो तो शेपटी गिळणारा हिरवा-तांबडा साप पॅरिसच्या 2327 क्रमांकाच्या प्रतीतला. ती 1478 साली क्रीटमध्ये थिओडोरोस पेलेकानोसने नकलली. चित्र आणि पद्य यांच्यामध्ये काही शतकं आहेत, ते चित्र पाहून पद्याचा अर्थ लावायला जाऊ नये.

अजून एक. ‘ड्रॅगन’ शब्द काढून टाका. ग्रीक ‘द्राकोन’ म्हणजे मोठा साप. पंख नाहीत, तोंडातून जाळ नाही. ‘महासर्प’ लिहा.

भबकावाला

उतारा ओळीने घेतो. कृतीचा सांगाडा यात नक्की आहे, पण तो आधीच माहीत असलेल्यालाच दिसतो.

नर-मादीचं मीलन: दोन पदार्थ, एक उडणारा आणि एक न उडणारा, द्रवात एकत्र केले. ‘समुद्र’ म्हणजे तो द्रव. पांढरा आणि ठिपकेदार: मिश्रण अजून एकजीव झालेलं नाही.

लिदीत वीस दिवस: ही मंद, न विझणारी आच. ताजी लीद ढीग करून ठेवली की आतून तापते, 50 ते 60 अंशांच्या आसपास. त्यापेक्षा फार वर जात नाही, म्हणून त्या काळचा थर्मोस्टॅट तोच. बिघडतं कसं? ढीग छोटा असेल तर उष्णता धरत नाही. वाळला तर आतले जंतू मरतात आणि दोन दिवसांत गार पडतो. भिजवून चिखल केला तर हवा कोंडते, कुजतो पण तापत नाही. वीस दिवस एकाच ढिगावर निघत नाहीत, मधे लीद बदलावी लागते. पद्यात यातलं एक अक्षर नाही.

शेपटी खाणं: बंद भांड्यात वाफ वर जाते, थंड होऊन खाली पडते, पुन्हा वर जाते. वरचं तोंड खालची शेपटी गिळतंय. काही उरत नाही म्हणजे वेगळा द्रव दिसेनासा झाला, सगळं घनात मुरलं.

उष्ण-ओली दुधारी सुरी: वाफ आणि आच एकदम, म्हणजे पातन. पित्त, तेही काळं आणि जड: तळाला राहिलेला काळा गाळ. ढग वर नेतात: उडणारा भाग झाकणात चढला. जळू देऊ नका: इथे कवी पहिल्यांदा आणि शेवटचं काहीतरी उपयोगाचं बोलतो. आच वाढवली की गंधकाचे आणि हरताळाचे (आर्सेनिकचं पिवळं खनिज) पदार्थ वर चढण्याऐवजी पेट घेतात किंवा भाजून निघतात, आणि हाती वेगळाच पदार्थ येतो.

धुणं: वर जमलेलं पाणी पुन्हा खालच्या काळ्या मळावर ओतायचं. हे एकदा करून भागत नाही, मळ पांढरा होईपर्यंत करत राहायचं.

आता यंत्र. त्यासाठी पद्य बाजूला ठेवून झोसिमोस वाचा. मारिया यहुदिणी या जुन्या किमयागार बाईच्या त्रिनळी भबक्याचं वर्णन तो देतो. तांब्याच्या तीन नळ्या, पत्रा मिठाईवाल्याच्या तांब्याच्या तव्यापेक्षा किंचित जाड, लांबी सुमारे दीड हात. टोपीच्या बुडाशी तीन भोकं पाडून नळ्या तिथे झाळायच्या. खाली गंधक असलेलं मातीचं भांडं, त्यावर टोपी, आणि सांधे कणकेने लिंपायचे. नळ्यांच्या टोकाला काचेच्या कुप्या, मोठ्या आणि जाड, कारण गरम पाण्याने बारीक काच तडकते.

दम बिर्याणीला पातेल्याच्या कडेला लावतात तसाच तो कणकेचा पट्टा. त्याची खोडही तीच. सावकाश वाळला तर घट्ट धरतो, एकदम आच लागली तर चिरतो आणि त्या चिरेतून सगळी वाफ पसार होते. सांधा ज्वाळेच्या थेट वाटेत असेल तर कणीक जळून कोळसा होते. म्हणून सांधा वर आणि आच खाली, बाजूने नको.

पत्र्याची जाडी मिठाईवाल्याच्या तव्यावरून सांगणारा माणूस आणि ‘ढग त्याला वर उचलतात’ म्हणणारा माणूस एकाच विद्येबद्दल बोलतायत, पण दोघांचं गिऱ्हाईक वेगळं.

अर्धवटवाचक

भबकावाला, __/\__. गिऱ्हाईक वेगळं, तर पद्याचं गिऱ्हाईक कोण? मी आजवर असं समजत होतो की पाठ राहावं म्हणून वृत्तात बांधलं.

गुरुलघु

पाठांतराचं उत्तर नेहमी दिलं जातं आणि ते इथे लागू पडत नाही. का ते सांगतो, आधी वृत्त.

अभिजात आयांबिक त्रिमात्रक शुद्ध रूपात ल गा ल गा (ल लघु, गा गुरू) असं तीनदा, म्हणजे 12 अक्षरं. प्रमाणिका (लगालगा लगालगा) ठाऊक असेल तर तिची दीडपट. पंचचामराचा, म्हणजे ‘जटाटवीगलज्जल’चा, एक चतुर्थांश कापला तरी हेच उरतं. प्रत्येक गटाच्या पहिल्या लघूच्या जागी गुरू चालतो आणि जुने नाटककार एका गुरूचे दोन लघूही करतात, त्यामुळे अक्षरसंख्या हलते.

उत्तर काळात बोलीतला ऱ्हस्व-दीर्घ भेद गेला. कवी कागदावर लघु-गुरू पाळत राहिले, कानाला मात्र वेगळंच ऐकू येत होतं: अक्षरं बरोबर 12, यती, म्हणजे ओळीतला थांबा, पाचव्या किंवा सातव्या अक्षरानंतर, आणि अकराव्या अक्षरावर आघात. सातव्या शतकात हेराक्लिओस सम्राटाच्या पदरी असलेल्या गेओर्गिओस पिसिदेसने हा साचा पक्का केला. आपली चार पद्यं या बाराक्षरी चालीची आहेत. अल्फा, इओटा आणि उप्सिलोन हे तीन स्वर लिपीत ऱ्हस्व की दीर्घ ते दिसत नाही, तिथे कवी सोयीने काहीही धरतात. म्हणून मला तिसरा थिओडोसिओस किंवा त्याच्या आगेमागेचा काळ पटतो. पहिल्या थिओडोसिओसच्या दरबारात अशी ओळ वाचली असती तर व्याकरणपंडितांनी कान धरला असता.

आता पाठांतर. वृत्तात कृती लिहिण्याची ग्रीकांची खरी परंपरा वैद्यकातली. पहिल्या शतकात दामोक्रातेसने औषधांचे पाठ याच आयांबिक त्रिमात्रकात लिहिले. नीरोचा वैद्य आंद्रोमाखोस याने विषावरच्या थेरिआकेची कृती 174 ओळींत बांधली आणि ती नीरोलाच उद्देशून लिहिली. वैद्य गॅलेनने दोघांचेही उतारे अख्खेच्या अख्खे उतरवून घेतले आणि कारणही दिलं: गद्यात नकलनवीस आकडे चुकवतात, मुद्दाम बदलतातही, वृत्तात ते जमत नाही. ग्रीक आकडा म्हणजे एक अक्षर, डोक्यावर रेघ. रेघ पुसली की चार द्राख्म्यांचे (द्राख्मा हे ग्रीक वजन) काहीही होतात. ‘चार’ हा शब्द वृत्तात बसवला की तो काढून ‘आठ’ घालता येत नाही, ओळ लंगडते.

म्हणजे वैद्यांच्या पद्यात वृत्त हे मापाचं कुलूप. किमयापद्यात तेच कुलूप आहे आणि पेटीत माप नाही! अडीचशे ओळींत द्राख्मा नाही, मिना नाही, कोटिले नाही. पाठांतरासाठी असतं तर हेच पहिलं आलं असतं.

मुंगीकांदा

आपल्या रसग्रंथांत (पारा-धातूंवरच्या जुन्या ग्रंथांत) हे सगळं श्लोकांत आहेच की. ग्रीकांनी इथूनच उचललं असणार.

हस्तलिखितकिडा

मुंगीकांदा, उचललं म्हणायला मजकुराची साखळी दाखवावी लागते. शिवाय तुमचं उदाहरण उलट बाजूने साक्ष देतं. रसग्रंथांतल्या श्लोकांत भाग, पल, पुटं किती, घोटायचं किती दिवस, हे असतं. कज्जलीला पारा-गंधक समभाग, हे श्लोकातच सांगतात. म्हणजे रसशास्त्राचा श्लोक दामोक्रातेसच्या जातीचा. हेलिओडोरोसच्या जातीचा तो नाही.

गुरुलघु

+1. पद्य म्हटलं की एकच काम, असं नसतं.

चुनाभट्टी

मापं हवीत ना, ती पपायरसांत आहेत. लायडनचा ‘एक्स’ या अक्षराने ओळखला जाणारा पपायरस आणि स्टॉकहोमचा पपायरस, दोन्ही इजिप्तमधले, ग्रीक, तिसऱ्या-चौथ्या शतकाच्या सांध्यावरचे. एकात शंभरावर कृती, दुसऱ्यात दीडशेच्या घरात. वृत्त नाही, देव नाही, साप नाही. एक कृती इथे महत्त्वाची, ‘गंधकाचं पाणी’:

चुना 1 द्राख्मा, कुटलेला गंधक तेवढाच. भांड्यात घालून कडक व्हिनेगर किंवा लहान मुलाचं मूत्र. खालून तापवायचं, वरचं पाणी रक्तासारखं दिसेपर्यंत. मग गाळापासून निथळून घ्यायचं आणि स्वच्छ वापरायचं.

द्राख्मा म्हणजे साधारण साडेतीन ते सव्वाचार ग्रॅम, कोणता द्राख्मा धरता त्यावर. प्रमाण वजनाने एकास एक असल्याने इथे त्याने बिघडत नाही.

यात होतं काय: चुना आणि गंधक उकळले की कॅल्शियमचे बहुगंधकी संयुग तयार होते, नारिंगी ते गडद तांबडं. बागायतदार भुरीवर फवारतात ते चुना-गंधकाचं द्रावण म्हणजे हेच. चांदी त्यात बुडवली की पृष्ठावर चांदीच्या सल्फाइडचा थर धरतो. थर अगदी पातळ असताना सोनेरी दिसतं, मग तपकिरी, जांभळट, निळं, शेवटी काळं. सगळा खेळ सेकंदांचा.

काय चुकतं:

चुना जुना असेल तर काही घडत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड खाऊन त्याची खडू झालेली असते, गंधक वर तरंगतो आणि पाणी पांढरटच राहतं. कळीचा ताजा चुना लागतो.

व्हिनेगर फार कडक किंवा फार जास्त झालं तर ते चुना खाऊन टाकतं, गंधकाच्या वाट्याला अल्कली उरत नाही. तयार पाण्यात वरून आम्ल घातलं तर आणखी वाईट, गंधक दुधासारखा फुटून खाली बसतो आणि सडक्या अंड्याचा वायू सुटतो. हा वायू खरोखर विषारी आहे, आणि जास्त झाला की वास येणंच बंद होतं. म्हणून त्या ‘किंवा’मधला दुसरा पर्याय, मूत्र, रसायनाच्या दृष्टीने सरस. ते आम्लाइतका चुना खात नाही.

उघडं ठेवलं तर दोन-चार दिवसांत रंग उतरतो, तळाला पिवळट साका. म्हणजे हे पाणी साठवायचं नाही, ताजं करून वापरायचं.

आता पद्याशी नातं. ग्रीकमध्ये गंधक म्हणजे ‘थेइओन’. आणि ‘थेइओस’ म्हणजे दैवी. ‘थेइओन हिदोर’ म्हणजे गंधकाचं पाणी आणि दैवी पाणीही, अक्षरशः तोच शब्द. झोसिमोसपासून सगळे या श्लेषावर जगले. पपायरसमध्ये ते गंधकाचं पाणी असतं, दरबारी पद्यात पोहोचेपर्यंत फक्त दैवी उरतं. सापाचा मळ ज्याने धुतात ते ‘पवित्र पाणी’ याच घराण्यातलं.

अर्धवटवाचक

वाखूसा (वाचनखूण साठवली). मग सापाच्या उताऱ्यात चुना-गंधकच असेल का? पांढरा, ठिपकेदार, पाण्यातून जन्मलेला...

चुनाभट्टी

नाही. शेवट बघा, पांढरं होऊन चांदी. चुना-गंधकाचं पाणी चांदीला पिवळं करतं, तांब्याला काळं करतं. पांढरं करणारे दोन: पारा आणि हरताळ-मनशीळ यांतून निघणारा आर्सेनिक. पारा चोळला की तांबं चांदीसारखं चमकतं, पण तापवलं की पारा उडून तांबं परत. आर्सेनिक तांब्यात मुरला की रंग आतपर्यंत पांढरट होतो, मात्र धातू ठिसूळ होतो, हातोडीखाली फुटतो. कवीला पांढरं ‘आरपार’ हवं आहे, म्हणून माझा कौल आर्सेनिकाला.

आणि करून बघायचं कुणाच्या मनात असेल तर नको. हरताळ भाजताना निघणारा पांढरा धूर म्हणजे सोमल. स्वयंपाकघरातल्या चिमणीचं ते काम नाही.

भबकावाला

माझा कौल पाऱ्याला. ‘ढग’ हा किमयाग्रंथांत ठरलेला शब्द आहे, वर चढणाऱ्या वाफेसाठी आणि बरेचदा पाऱ्यासाठीच. काळा गाळ, ढग, वरून परत पडणारं पाणी, पांढरी चकाकी: हिंगुळातून पारा काढून तो परत धातूवर सोडण्याचं हे वर्णन होऊ शकतं. मारियाच्या केरोताकिसमध्ये नेमकं हेच चालतं. चित्रकाराची मेण तापवायची पत्र्याची पाटी, तिच्यावर धातू, खाली उडणारा पदार्थ, वर घुमट. वाफ घुमटाला लागून खाली टपकते आणि धातूला खात राहते.

चुनाभट्टी

केरोताकिस हरताळालाही चालतं. त्यामुळे यंत्रावरून पदार्थ ठरत नाही.

भबकावाला

मान्य. आणि कवीने पदार्थ ठरू दिलेला नाही हेही मान्य करू या. दोन्ही कृतींवर ओळी बसतात, कारण त्या कुठल्याच एका कृतीच्या मापाने शिवलेल्या नाहीत.

उलटा_चष्मा

किमयेत एक पद्य असं आहे की त्यात आकडेच आकडे आहेत! नऊ अक्षरांचं कोडं. ते विसरलात काय?

पहिली ओळ: ‘एन्नेआ ग्राम्मात् एखो, तेत्रासिल्लाबोस एइमि, नोएइ मे’. माझी अक्षरं (इथे लिपीतली) नऊ, मी चार अवयवांचा (अवयव म्हणजे वृत्तात मोजतो ते उच्चारातलं अक्षर), ओळख मला. पुढे: पहिल्या तीन अवयवांत दोन-दोन अक्षरं, उरलेली शेवटच्यात, आणि व्यंजनं पाच. मग एकूण बेरीज दिली आहे, शेकडे दोनदा आठ, आणि वर दशकं-एकं. हे सिबिले या भविष्यवक्तीच्या नावावरच्या भविष्यवाणीच्या पहिल्या पुस्तकात आहे, तिथे देव नोहाला आपलं नाव असं सांगतो. किमयागारांनी ते उचलून ‘तत्त्वज्ञांच्या दगडाचं कोडं’ करून टाकलं आणि हर्मीस-आगाथोदाइमोनच्या नावावर लावलं.

माझं उत्तर: किन्नाबारिस, हिंगूळ.

गुरुलघु

किन्नाबारिस बसत नाही. कि-न-ना... ग्रीकमध्ये ‘किन्’ हा पहिलाच अवयव तीन अक्षरांचा, आणि एकूण अक्षरं दहा. ‘हिद्रार्गिरोस’, पारा, तोही दहा अक्षरी. दोन्ही बाद.

परंपरेने दिलेलं उत्तर ‘आर्सेनिकोन’: आर-से-नि-कोन. दोन, दोन, दोन, तीन. एकूण नऊ. व्यंजनं र, स, न, क, न, पाच. चपखल! आता बेरीज करा, ग्रीक अक्षरांची किंमत धरून: आल्फा 1, रो 100, सिग्मा 200, एप्सिलोन 5, नी 50, इओटा 10, काप्पा 20, ओमिक्रोन 70, नी 50. एकूण 506. कोड्याला हवेत सोळाशेच्या वर. अकराशेची तूट, आणि ती नकलनवीसाच्या एका चुकीने भरत नाही.

‘आंपेलितिस’ नावाची काळी माती सुचवलेली आहे, तीही 2-2-2-3 आणि व्यंजनं पाच. बेरीज 676. तीही नापास.

पहिली ओळ वृत्ताच्या नजरेनेही पाहा: गालल गालल गालल गालल गालल गागा. शुद्ध षट्पदी, होमरची चाल. चार पद्यांच्या बाराक्षरीशी हिचं काही नातं नाही, घराणंच वेगळं. आणि इथे आकडे आहेत ते वजनाचे नाहीत, नावाचे आहेत.

हस्तलिखितकिडा

आणि ते नाव मुळात दगडासाठी रचलेलंच नाही, देवासाठी रचलंय. किमयागारांना अक्षरांचा साचा जुळला, बेरजेकडे त्यांनी काणाडोळा केला.

गंमत बघा, आर्सेनिकोन म्हणजे आपला पिवळा हरताळ. ग्रीकांनी त्यात ‘आर्सेन’, म्हणजे नर, ऐकला, शब्द खरा पूर्वेकडून आलेला असूनही. आणि आपल्या पोथ्यांत चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासायचे. तिकडे हरताळ हे गुपिताचं नाव, इकडे मजकूर पुसायचं साधन. हरताळ फासणे हा वाक्प्रचार तिथूनच.

मुंगीकांदा

हे आवडलं. उचलेगिरीचं माझं विधान मागे घेतो.

अर्धवटवाचक

हस्तलिखितकिडा, एक व्यावहारिक शंका. प्रतींमध्ये धातूंची चिन्हं असतात, सूर्य म्हणजे सोनं वगैरे. पद्याच्या ओळीत चिन्ह आलं तर वाचायचं कसं?

हस्तलिखितकिडा

चांगली शंका, आणि इथेच वृत्त खरं कामाला येतं. मार्कियानुसमध्ये चिन्हांची यादीच दिली आहे. चंद्रकोर चांदीची, आणि तीच कोर उलट्या तोंडाने काढली की पारा. नकलनवीसाचा हात फिरला की चांदीचा पारा होतो. गद्यात ही चूक पकडायला दुसरी प्रत लागते.

पद्यात अक्षरं मोजा. कोरेच्या जागी ‘आर्गिरोस’ हा चांदीचा शब्द तीन अवयवांचा, ‘हिद्रार्गिरोस’ चारांचा. ओळ बारात बसवायची तर एकच बसेल. ‘सेलेने’, चंद्र, हाही तीनांचा, मग आघात बघायचा: ‘आर्गिरोस’चा पहिल्या अवयवावर, ‘सेलेने’चा मधल्यावर. चिन्ह ओळीच्या टोकाला असेल तर अकराव्या अक्षरावर आघात हवा, म्हणजे ‘सेलेने’च. संपादकाला फुकटात मिळालेली दुसरी प्रत समजा.

गुरुलघु

म्हणजे गॅलेन बरोबरच होता, फक्त इथे वृत्ताने माप राखण्याऐवजी नाव राखलं.

अर्धवटवाचक

मग गिऱ्हाइकाचा प्रश्न राहिलाच.

हस्तलिखितकिडा

एक पद्य सम्राटाला उद्देशून आहे, हे शीर्षकच सांगतं. चारही पद्यांची भाषा अलेक्झांड्रियाच्या स्टेफानोसच्या नऊ व्याख्यानांच्या खूप जवळ जाते. तो सातव्या शतकातला, हेराक्लिओसच्या काळचा तत्त्वज्ञ, आणि व्याख्यानं सबंध स्तुती आणि उद्गारांनी भरलेली. भट्टीपाशी उभं राहून कुणी ती ऐकत नव्हतं. आर्खेलाओसच्या पद्यात तर देह, आत्मा आणि प्राण यांची ताटातूट आणि पुनर्मीलन हाच धातूचा इतिहास आहे. हे लोक कृती शिकवत नाहीत. कृतीत घडतं ते पवित्र आहे, खोटं नाणं पाडण्याचा धंदा नाही, एवढं दरबाराला पटवून देतात. लायडनच्या पपायरसात ‘कारागीरालाही कळणार नाही’ अशा नकली चांदीच्या कृती आहेत हे लक्षात घेतलं तर पटवण्याची गरज का पडली ते उघड आहे.

भबकावाला

त्याला पुरवणी: म्हणूनच ‘जळू देऊ नका’ ही एक ओळ मला मोलाची वाटते. दरबारासाठी लिहिताना तिची गरज नव्हती. भट्टीवरच्या कुणाच्या तरी तोंडचं वाक्य निसटून पद्यात शिरलंय.

अर्धवटवाचक

सगळ्यांच्या सूचना धरून उताऱ्याचा मधला भाग पुन्हा केला, तपासा:

‘हा महासर्प समुद्रातच धर आणि कौशल्याने मार;
उष्ण आणि ओली, अशी दुधारी सुरी चालव;
दोन फाकी कर, पित्त उचल, ती काळी जड माती दूर ने.
दाट वाफ उठेल आणि त्याला वर घेऊन जाईल.
जपून, तो करपू देऊ नकोस.’

भबकावाला

चौथ्या ओळीत ‘वाफ’ काढून ‘ढग’च ठेवा. वाफ म्हटलं की अर्थ तुम्ही लावून दिलात.

चुनाभट्टी

‘करपू’ मात्र ठेवा. हरताळ जळतो तसाच करपतोही, दोन्ही अर्थ येतात.

गुरुलघु

आणि ओळी बारा अक्षरांच्या करा राव, एवढा खटाटोप केलाय तर! ‘जपून, तो करपू देऊ नकोस’ मोजा. ज-पू-न-तो-क-र-पू-दे-ऊ-न-को-स. बारा भरली. बाकीच्या चार तुमच्याकडे.